घोडा का अडला?

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. तव्यावरची भाकरी का करपली? टोपलीतलं विड्याचं पान का सडलं? आणि घोडा का अडला? प्रश्न तीन, पण उत्तर मात्र एकच हवं. येत नसेल तर आजीला विचारा, ती चटकन सांगेल.

उत्तर आहे, "न फिरवल्यामुळे!" भाकरी फिरवली नाही म्हणून करपली, पानं खालीवर केली नाहीत म्हणून सडली आणि घोड्याला फिरवून आणलं नाही म्हणून तो अडला. आपण हसतो आणि विसरून जातो. पण ज्याच्या दारात घोडा बांधलेला आहे ना, त्याने हे कोडं तबेल्याच्या भिंतीवर लिहून ठेवावं. घोडा सांभाळण्याची निम्मी विद्या त्यात आहे.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, घोडा काय मांजर आहे, घरोघरी असायला?" बरोबर आहे. तरीपण आपल्या महाराष्ट्रात घोडा वाटतो तितका दुर्मीळ नाही. माथेरानला मोटारी जात नाहीत, तिथे आजही कितीतरी घरांची चूल घोड्यांवर चालते. मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरणारे धनगर आपला संसार घोड्याच्या पाठीवर लादून नेतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आणि लग्नाच्या वरातीतली सजवलेली घोडी तर तुम्ही सगळ्यांनीच पाहिलेली आहे. ही सगळी घोडी रात्री कुणाच्या ना कुणाच्या घरीच परततात. त्या घरात तुमच्याएवढी मुलंही असतात.

तर आधी घोड्याचं शरीर समजून घेऊ. घोडा हा मोकळ्या माळावरचा प्राणी. चार पावलं चालायचं, चार घास गवत खायचं, पुन्हा चालायचं, असं दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ चालतं. त्याचं पोट त्यासाठीच घडलेलं आहे. गाईचं पोट चार कप्प्यांचं, ती भराभर खाते आणि मग निवांत रवंथ करते. घोड्याचं पोट एकाच कप्प्याचं आणि एवढ्या मोठ्या देहाच्या मानाने लहान. तो रवंथ करत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, घोड्याला उलटी करता येत नाही. आपल्याला काही बाधलं तर ते बाहेर पडतं. घोड्याच्या पोटात गेलं ते गेलंच.

म्हणून त्याच्या खाण्याचा पहिला नियम: थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, ठरल्या वेळी. ३०० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला साधारण सहा किलो कोरडं गवत किंवा वैरण लागते. घोड्याच्या धान्याच्या खुराकाला आपल्याकडे 'चंदी' म्हणतात. भिजवलेले हरभरे, जव, कोंडा असं त्यात असतं. कष्टाचं काम असेल तर चंदी हवीच, पण एका वेळी दीड किलोच्या वर नको. बुरशी आलेली वैरण तर अजिबात नको. गाय कदाचित ती पचवेल, घोड्याला ती महागात पडते. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. म्हणजे दोन-तीन बादल्या तरी झाल्या की नाही? आणि बादली रोज घासलेली हवी. बुळबुळीत बादलीतलं पाणी घोडा हुंगतो आणि तोंड फिरवतो.

माझ्या वर्गात चौथीला एक मुलगा होता. त्याच्या घरी वरातीची घोडी होती. शाळेत येण्याआधी लीद उचलायचं काम त्याच्याकडे होतं. एक दिवस तो दोन तास उशिरा आला. "का रे?" म्हणून विचारलं तर म्हणाला, "बाई, आज लीद कमी होती." झालं! सगळा वर्ग खो खो हसला. पण पुढचं ऐकल्यावर सगळे गप्प झाले. आदल्या रात्री वरातीत लोकांनी हौसेने घोडीला पुऱ्या आणि जिलब्या चारल्या होत्या. चांगला घोडा दिवसातून आठ-दहा वेळा लीद टाकतो. त्या सकाळी याच्या टोपलीचा तळच जेमतेम झाकला. त्याने लगेच वडिलांना उठवलं. तोवर घोडी पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली होती, मान वळवून सारखी आपल्या कुशीकडे बघत होती. तो होता पोटशूळ. वडिलांनी समोरचं खाणं काढून घेतलं आणि गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. घोडी वाचली.

पोटशुळाने घोडी दगावतात, मुलांनो. म्हणून ही लक्षणं पाठच करा: खाणं सोडणं, लीद न टाकणं, जमीन उकरणं, कुशीकडे बघणं, घाम फुटणं, सारखं आडवं पडून लोळणं. यातलं काही दिसलं तर मोठ्यांना सांगा आणि डॉक्टरांना बोलवा. कुणी म्हणेल, "नळीने तेल पाजा, बरं वाटेल." तसं करू देऊ नका. जबरदस्तीने पाजलेलं तेल श्वासनलिकेत उतरलं तर आजारापेक्षा उपायच जिवावर बेततो.

आणि लीद उचलण्याची लाज कसली? अज्ञातवासात पांडव विराट राजाकडे राहिले, तेव्हा नकुलाने ग्रंथिक हे नाव घेऊन घोड्यांच्या देखभालीचंच काम पत्करलं होतं. राजपुत्र होता, तरी घोड्यांना खराराही केला असेल आणि त्यांचे खूरही साफ केले असतील.

खरारा म्हणजे ब्रशने किंवा लोखंडी दात्यांच्या खराऱ्याने घोड्याचं अंग घासणं. मानेपासून सुरुवात करायची, केसांच्या दिशेने मागे जायचं. पायांसारख्या हाडाळ भागांवर लोखंडी खरारा नाही, तिथे मऊ ब्रश किंवा फडकं. खराऱ्याने धूळ तर जातेच, पण खरा फायदा दुसराच. आपला हात रोज घोड्याच्या सगळ्या अंगावरून फिरतो. खोगिराखाली सोललंय का, पाय गरम लागतोय का, कुठे काटा रुतलाय का, सगळं हाताला कळतं.

मग खूर. 'खूर नाही तर घोडा नाही' असं जुने जाणते म्हणतात. खूर म्हणजे आपल्या नखासारखाच, महिन्याला जवळजवळ एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून तासून घ्यावा लागतो. नाल असली तर ती काढून, खूर तासून पुन्हा बसवायची. रोज मात्र खुराच्या तळातला चिखल, खडे, लीद आकडीने काढायची. तळाशी रबरासारखा एक मऊ त्रिकोणी भाग असतो, त्याला जपायचं, तिथे टोचायचं नाही. ओल्या घाणीत उभ्या राहिलेल्या घोड्याचा हा भाग कुजतो आणि घाण वास येतो. धनुर्वाताचा धोकाही घोड्याला फार. एखादा गंजका खिळा खुरात गेला तरी पुरे. म्हणून धनुर्वाताची लस डॉक्टरांना विचारून वेळेवर द्यायलाच हवी.

आता येऊ आपल्या कोड्याकडे. न फिरवल्याने घोडा खरंच अडतो का हो? अडतो! दिवसच्या दिवस एका जागी बांधलेल्या घोड्याचे पाय सुजतात. कंटाळून तो लाकूड चावायला लागतो, नाहीतर उभ्या उभ्या डुलत राहतो. युरोपात पूर्वी गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना रविवारी सुट्टी असायची, पण चंदी मात्र रोजच्याइतकीच मिळायची. सोमवारी सकाळी जुंपलं की काही घोड्यांचे स्नायू असे काही आखडायचे, की पाऊल उचलेना. या दुखण्याचं नावच पडलं 'सोमवार सकाळचा आजार'. म्हणजे बघा, आपल्या आजीच्या कोड्यातला घोडा तिकडेही अडत होता! उपाय सोपा आहे. सुट्टीच्या दिवशी चंदी कमी करायची आणि थोडं तरी फिरवायचं. लग्नसराई संपल्यावर महिनोन्‌महिने खुंट्याला बांधलेल्या घोडीला हे विशेष लागू आहे.

फिरवणं आलं तशी शिकवणीही आली. इथे मी तुमच्यासारखीच एका शिक्षकांची गोष्ट सांगते. जर्मनीत बर्लिन शहरात विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त गणित-शिक्षक होते. त्यांच्या हान्स नावाच्या घोड्याला बेरीज-वजाबाकी येते, असा सगळीकडे बोलबाला झाला. उत्तर पाच असेल तर तो पायाने पाचदा टाप मारायचा. १९०४ साली जाणकारांच्या मंडळाने तपासलं, त्यांना लबाडी सापडली नाही. मग ओस्कर फुंग्स्ट या संशोधकाने बारकाईने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये खरं कारण प्रसिद्ध केलं. हान्सला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की समोरच्या माणसाचं डोकं किंचित हलायचं, अंग सैल पडायचं, आणि हान्स ते टिपून थांबायचा. ज्याला उत्तर ठाऊक नाही असा माणूस समोर आला, की हान्सही चुकायचा.

यातून काय शिकायचं? घोडा आपलं अंग वाचतो. तुम्ही रागावलेले असाल, घाबरलेले असाल, तर त्याला ते शब्दांआधी कळतं. म्हणून राग आला असेल त्या दिवशी शिकवणी बंद. चाबकाने घोडा शिकत नाही, नुसता भितो, आणि भ्यालेला घोडा पळतो नाहीतर लाथ मारतो.

शिकवायचं कसं? दोरी हळूच ओढा. घोड्याने एक पाऊल पुढे टाकलं, की त्याच क्षणी दोरी सैल सोडा. ती सैल झालेली दोरी हेच त्याचं बक्षीस. पाऊल टाकल्यावरही ओढतच राहिलात, तर त्याने काय समजायचं? रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. 'चल' म्हणजे चल, 'थांब' म्हणजे थांब. आज एक शब्द, उद्या दुसरा असं नको. बँडबाजाची सवय लावायची तर आधी लांबून वाजवा, घोडा शांतपणे गवत खातोय असं दिसलं की थोडं जवळ या. आळंदी-पंढरपूरच्या वारीतलं रिंगण पाहिलंय ना? टाळ-मृदंगाचा गजर, माणसांची ही गर्दी, आणि त्यातून माउलींचा अश्व दौडत जातो. त्याच्या पाठीवर स्वार नसतो, तिथे माउलीच असतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा. इतक्या गजरात न बुजणारा घोडा एका दिवसात तयार होत नाही.

आणखी एक. शिंगरू मोठं दिसायला लागलं म्हणून त्याच्यावर बसू नका. तीन वर्षांपर्यंत तर नाहीच, कारण हाडं कच्ची असतात. मोठ्या घोड्यावरही स्वार आणि खोगीर मिळून त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार नसावा. ३०० किलोच्या तट्टूवर ६० किलो. सहलीला गेल्यावर ८५ किलोचे काका छोट्या तट्टूवर चढायला निघाले, तर त्यांना गोड शब्दांत हा हिशोब करून दाखवा. चौथीचं गणित आहे, अवघड नाही!

ज्यांच्या घरी घोडा नाही, त्यांनीही काही गोष्टी पाळायच्या. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि बरोबर शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही. आवाज देत, खांद्याच्या बाजूने जायचं. कान पुढे असले तर तो तुमच्याकडे लक्ष देतोय. कान मागे मानेला चिकटवले, की लांब व्हा. दोरी हाताला गुंडाळायची नाही. मालकाला विचारल्याशिवाय काही चारायचं नाही. वरातीत घोडीजवळ फटाका लावायचा नाही, कुणी लावत असेल तर थांबवायचं. वर नवरदेव बसलेला असतो आणि आजूबाजूला लहान मुलं नाचत असतात, हे लक्षात ठेवा.

आता गृहपाठ. पुढच्या वेळी उभा, विसावलेला घोडा दिसला की लांबूनच त्याच्या कुशीकडे बघा आणि मिनिटात किती श्वास घेतो ते मोजा. आठ ते सोळाच्या दरम्यान यायला हवेत. मग स्वतःचे मोजा. त्याचे कान कुठे आहेत, खूर कसे आहेत, पाण्याची बादली जवळ आहे का, तेही वहीत टिपा. बादली रिकामी दिसली, तर मालकाला अदबीने विचारा, "काका, पाणी आणून देऊ का?" हा गृहपाठ करून कळवा बरं का मला!