दोन यंत्रांचा डाव



तुमच्यापैकी अनेकांना बुद्धिबळाचा नाद आहे. घरी तुम्ही त्याला शतरंज म्हणता. खेळ एकच, पण मराठीत खेळताना एका ठिकाणी घोटाळा होतो. उर्दूत ‘फील’ म्हणजे हत्ती, आणि तो तिरका चालतो. मराठीत तिरका चालतो तो उंट. मराठीतला हत्ती सरळ चालतो, म्हणजे तो तुमचा ‘रुख’. वजीर, प्यादे, शह आणि मात हे शब्द मात्र दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच आहेत.

माणसे एकमेकांशी खेळतात हे आपण रोज पाहतो. पण संगणकाचे प्रोग्रॅमही एकमेकांशी खेळतात. १९७४ साली स्टॉकहोम येथे त्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि सोव्हिएत देशाचा ‘काइसा’ हा प्रोग्रॅम जिंकला. १९९७ साली ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले. आता तर साध्या मोबाइलवरचा प्रोग्रॅमही जगज्जेत्याला भारी पडतो.

असे दोन प्रोग्रॅम खेळत असताना पडद्यावर एक आकडा दिसतो. आकडा अधिक एक असेल, तर पांढरा साधारण एका प्याद्याने पुढे आहे असे समजावे. एका मुलाने मला विचारले, “सर, कोण जिंकतंय ते आकडाच सांगतो. मग आपण डोकं कशाला शिणवायचं?”

प्रश्न प्रामाणिक होता. पण मला त्यात परीक्षेच्या गाइडाचा वास आला. गाइडात उत्तर तयार असते. ते वहीत उतरवले की गुण मिळतात, पण पुढच्या वर्षी प्रश्न थोडा फिरवून आला की आपण गप्प बसतो. आकड्याचेही तसेच आहे. चाल चांगली की वाईट एवढे तो सांगतो, का ते सांगत नाही. म्हणून माझे मत असे, की यंत्रांचे डाव जरूर पाहावेत, पण आकडा झाकून पाहावेत.

माझे एक शिक्षक मित्र म्हणतात, “यंत्राला ना भीती, ना आनंद. त्याचा डाव काय पाहायचा?” मला वाटते, तो याच कारणासाठी पाहावा. माणूस थकतो, घड्याळाकडे पाहून घाबरतो आणि चुकतो. यंत्र थकत नाही. तेव्हा यंत्र हरले तर दोष थकव्यावर ढकलता येत नाही. त्याच्या विचारातच कुठेतरी उणीव असते आणि ती शोधता येते.

एक खरा डाव सांगतो. २०१७ साली डीपमाइंड या कंपनीचा ‘अल्फाझीरो’ आणि ‘स्टॉकफिश’ यांच्यात १०० डाव झाले. स्टॉकफिश सेकंदाला सुमारे ७ कोटी स्थिती तपासत होता, अल्फाझीरो फक्त ८० हजार. अल्फाझीरोला केवळ खेळाचे नियम दिलेले होते. बाकी सारे तो स्वतःशीच खेळून शिकला होता. तरी त्याने २८ डाव जिंकले, ७२ बरोबरीत सुटले, एकही हरला नाही.

त्यांपैकी एका डावात पांढरा अल्फाझीरो होता. ४५ व्या चालीला काळ्याचा वजीर पांढऱ्या हत्तीपासून पळून एच ८ या कोपऱ्यातल्या घरात गेला. ४७ व्या चालीला पांढऱ्याने आपला हत्ती देऊन काळ्याचा घोडा मारला. आता मोजा. प्याद्याचा १ गुण, घोडा आणि उंट यांचे ३, हत्तीचे ५, वजिराचे ९. या हिशेबाने काळ्याकडे २५ गुण उरले आणि पांढऱ्याकडे २१. तरी काळा हरला! वजिराच्या एका बाजूला त्याचाच राजा, पुढे त्याचेच प्यादे. उरली तिरकी वाट. तिच्यावर एफ ६ घरात पांढऱ्याने ४९ व्या चालीला दुसरा हत्ती आणून ठेवला आणि दाराला कडी लागली. ५६ व्या चालीला काळ्याने वजीर देऊन तो हत्ती घेतला. ६० व्या चालीनंतर डाव संपला. अकरा चाली ९ गुणांचा वजीर कोपऱ्यात बसून होता.

या सामन्यावर आक्षेपही घेतले गेले, आणि ते मला रास्त वाटतात. प्रत्येक चालीला ठरीव एक मिनिट दिले होते, त्यामुळे कठीण जागी जास्त वेळ घेण्याची स्टॉकफिशची कला वाया गेली. सुरुवातीच्या चालींचा तयार संग्रहही त्याच्याजवळ नव्हता. २०१८ साली १००० डावांचा निकाल प्रसिद्ध झाला. त्यात अल्फाझीरोने १५५ जिंकले आणि ६ गमावले. पुढे २०२० साली स्टॉकफिशनेही डाव जोखण्यासाठी तशाच प्रकारची शिकणारी पद्धत आपल्यात घेतली.

वरचा डाव मी प्रथम पडद्यावर भराभर पाहिला. काही कळले नाही. मग लाकडी पट काढला, ४७ व्या चालीपाशी थांबलो आणि माझी चाल कागदावर लिहिली. काळ्याच्या घोड्याने पांढऱ्या उंटावर जोर धरला होता, म्हणून मी लिहिले, ‘उंट मागे घ्यावा.’ हत्ती देण्याचा विचारही मनात आला नाही.

हाच डाव मी नववीच्या वर्गात मांडला. ४८ व्या चालीला पांढऱ्याचा वजीर एच ४ वर आला, तिथे थांबलो. कडी अजून लागायची होती. एक मुलगा उठला आणि काळा वजीर कोपऱ्यातून थेट ए १ वर नेऊन म्हणाला, “सर, हा बघा सुटला!” वर्गात टाळ्या पडल्या. एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी पटाजवळ आली. तिने एच ४ पासून तिरके बोट सरकवत ई ७ वरच्या काळ्या हत्तीवर ठेवले आणि विचारले, “मग याला कोण राखणार?”