दुधी भोपळ्याचं बीपी ११८/७६

हो, मोजलंय. काल रात्री ओट्यावर पडलेल्या दुधी भोपळ्याला स्मार्टवॉच बांधलं आणि बीपीचं चिन्ह दाबलं. मागचा हिरवा दिवा लुकलुकला, चाळीसेक सेकंद चक्र फिरलं आणि आकडा आला. ११८/७६, नाडी ७१. खाली हिरव्या अक्षरात ‘नॉर्मल’. बायको म्हणाली, माझ्यापेक्षा याची तब्येत बरी आहे. आज दुपारी त्याची भाजी झाली.

हसून झालं असेल तर पुढचं वाचा. पोस्ट लांब आहे. कारण हेच घड्याळ सात महिने माझ्या वडिलांच्या मनगटावर होतं, आणि ते मीच घेऊन दिलं होतं.

अण्णा ७२ वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते. वे-बिलाचा हिशेब जुळल्याशिवाय डेपोतून पाय न काढणारा माणूस. अशा माणसाचा आकड्यावर भारी विश्वास असतो. बीपीची गोळी अकरा वर्षं चालू होती, कधी चुकवली नव्हती. घड्याळ आलं आणि रोज सकाळी चहाच्या आधी बीपी बघून डायरीत लिहायचं, हा नेम सुरू झाला. ११९/७८. १२१/७९. ११७/७६. आम्हाला कौतुक. घरात कोणालाच माहीत नव्हतं की अण्णांनी मनाशी एक नियम ठरवून टाकलाय: आकडा १२० च्या आत आला की त्या दिवशी गोळी घ्यायची नाही. उगाच औषध कशाला पोटात घाला?

पावसाळ्यात एका सकाळी ते मोरीत भिंतीला धरून खाली बसले. ग्रामीण रुग्णालयात नेलं. सिस्टरांनी दंडाला पट्टा बांधला, १९२/१०८. त्यांचा विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या हाताला बांधला. १८८/१०६. अण्णा तशाही अवस्थेत मनगट पुढे करून सिस्टरांना सांगत होते, “अहो ताई, हे बघा ना, सकाळीच १२१ होतं.” डॉक्टर मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “या महिन्यातलं हे तिसरं घड्याळ.”

पक्षाघात झाला नाही, हे आमचं नशीब. अण्णा आता बरे आहेत.

आता माझा गुन्हा सांगतो. घरी आल्यावर अण्णांची डायरी चाळली. पहिल्या पानावर एक कात्रण डकवलेलं होतं. ‘आता बीपी तपासा घरबसल्या, मनगटावरच!’ हा मथळा माझा. बातमी माझी. तिच्यावर नाव नव्हतं, पण शब्द ओळखता येतात.

तालुक्याच्या गावात गॅजेटची बातमी कशी होते हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. कंपनीकडून किंवा तिच्या जाहिरात एजन्सीकडून मेल येतो. सोबत चकचकीत फोटो आणि तयार मजकूर. इअरबड किती तास वाजतात, फोनचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, घड्याळात किती ‘हेल्थ फीचर्स’. पान भरायचं असतं, शेजारी दुकानदाराची जाहिरात असते. आपण दोन वाक्यं इकडची तिकडे करतो, मथळा देतो, पान सुटतं. वस्तू हातात घेऊन बघितलेली नसते. पत्रकारितेच्या पदविकेला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की कुठलीही माहिती दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय छापू नका. नगरपालिकेच्या टेंडरची बातमी मी चार ठिकाणी पडताळतो. बीपी मोजणाऱ्या यंत्राची एकाही ठिकाणी पडताळली नाही.

इथे कोणी म्हणेल, इअरबडच्या बातम्याही तशाच छापता की! छापतो. पण फरक समजून घ्या, माझं सगळं म्हणणं त्या फरकावर उभं आहे. इअरबडचा आवाज फुटका असला तर कानाला कळतं. फोनचा कॅमेरा भिकार असला तर डोळ्याला कळतं. बॅटरी दुपारीच संपली की शिव्या देऊन माणूस दुकानात परत जातो. म्हणजे वस्तू खोटी निघाली तर ती स्वतःच चुगली करते. बीपीचा खोटा आकडा मात्र अगदी खऱ्या आकड्यासारखाच दिसतो. उलट जास्त छान दिसतो. वाढलेल्या बीपीला बहुतेक वेळा लक्षणच नसतं, म्हणून तर तो मोजावा लागतो. म्हणजे ज्या गोष्टीची शरीर खबर देत नाही तिची खबर देतो असं सांगून हे घड्याळ विकलं जातं, आणि ते खोटं बोललं तर पकडायला गिऱ्हाइकाकडे काहीही साधन नाही.

हे घड्याळ नेमकं काय मोजतं? मागच्या हिरव्या दिव्याचा उजेड कातडीत शिरतो, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा उजेड कमीजास्त होतो, आणि बारीक सेन्सर ते टिपतो. त्यावरून नाडीचे ठोके मोजता येतात. माणूस शांत बसला असेल तर बरे मोजता येतात. पण ठोके म्हणजे दाब नव्हे. दाब मोजायचा तर काहीतरी दाबावं लागतं. इटलीच्या रीवा-रोच्चीने १८९६ मध्ये दंडाला हवेचा पट्टा बांधला, रशियाच्या कोरोटकॉव्हने १९०५ मध्ये त्याच्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकले, आणि तेव्हापासून आजपर्यंत दवाखान्यात मूळ तत्त्व तेच आहे. रक्तवाहिनी दाबायची, हळूहळू सोडायची. आपल्या १,२९९ रुपयांच्या घड्याळात दाबणारं काहीच नाही. मग आकडा येतो कुठून? मी ॲपमध्ये अण्णांचं वय ७२ च्या जागी २५ टाकून बघितलं. मनगट तेच, खुर्ची तीच, पाच मिनिटांचं अंतर. वरचा आकडा नऊने खाली आला. काय समजायचं ते समजा.

बरं, हे अशक्यच आहे असंही नाही, आणि म्हणूनच राग जास्त येतो. सॅमसंगच्या महागड्या घड्याळात बीपी आहे, पण ते आधी दंडाच्या पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं, आणि दर चार आठवड्यांनी पुन्हा. ह्युआवेच्या एका घड्याळाच्या पट्ट्यात खरोखर हवा भरणारी पिशवी आहे, ती मनगट आवळते. ॲपलने २०२५ मध्ये उच्च रक्तदाबाची सूचना देणारी सोय आणली. ती तीस दिवसांची माहिती बघते आणि संशय आला तर फक्त एवढंच सांगते की मशीनवर तपासून घ्या, डॉक्टरांना भेटा. आकडा देत नाही. पंचेचाळीस हजारांच्या वरचं घड्याळ जो आकडा सांगायचं धाडस करत नाही, तो १,२९९ चं घड्याळ चाळीस सेकंदांत सांगून मोकळं होतं. भोपळ्याचाही.

साखरेचं तर विचारू नका. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला की सुई न टोचता स्वतः रक्तातली साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. आपल्याकडे ऑनलाइन शोधून बघा, ‘शुगर वॉच’ म्हणून रांगेने सापडतील. कोरोनाच्या काळातली फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी ॲप आठवतात का? तोच धंदा आता मनगटावर आलाय.

मी बसस्टँडसमोरच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा आहे, भला माणूस आहे. म्हटलं, भाऊ, हे बीपी खरं का? तो म्हणाला, “दादा, खोक्याच्या मागं लिहिलेलं असतंय की.” भिंग घेऊन वाचलं. इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात: हे उपकरण वैद्यकीय वापरासाठी नाही. पुढच्या बाजूला लाल हृदय, ‘बीपी मॉनिटर’, आणि हसणारे आजी-आजोबा. समोरून दवाखाना, मागून खेळणं. “मग बीआयएसचा शिक्का?” विचारलं. तो शिक्का आहे, खरा आहे. पण तो विजेच्या सुरक्षेचा. म्हणजे घड्याळ हातावर पेटणार नाही याची खात्री. आकडा बरोबर आहे याच्याशी त्या शिक्क्याचा काडीचा संबंध नाही, आणि हे गिऱ्हाइकाला कोणीही सांगत नाही.

कायदा नाही असं नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन, थर्मामीटर, ग्लुकोमीटर, सगळं. पण उपकरण वैद्यकीय आहे की नाही हे ठरतं उत्पादकाने सांगितलेल्या हेतूवर. म्हणजे चोरालाच विचारायचं की बाबा तू चोरी करायला आलास का? तो म्हणतो, नाही, मी फक्त ‘वेलनेस’साठी आलोय. झालं, सोडा त्याला.

आमच्या बाजारात भाजीवालीच्या तराजूला वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो. पावशेर मिरचीत दहा ग्रॅम कमी भरली तर इन्स्पेक्टर तिच्यावर खटला भरू शकतो, आणि भरावाच. पण माझ्या बापाच्या रक्तदाबात सत्तर अंकांची मापात-पाप करणाऱ्यावर खटला कुठल्या कलमाखाली भरायचा, हे मला आठवडाभर विचारूनही कोणी धड सांगितलेलं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. पुढचं लाल हृदय आणि मागची मुंगी, याहून दिशाभूल वेगळी ती काय असते?

कमेंटमध्ये काय येणार ते ठाऊक आहे. पहिली: “१,२९९ मध्ये अजून काय पाहिजे?” साहेब, मेडिकलमध्ये दीडशे-दोनशेला मिळणारा थर्मामीटर ताप बरोबर सांगतो. स्वस्त वस्तूने कमी गोष्टी कराव्यात, खोट्या करू नयेत. वेळ दाखवा, पावलं मोजा, फोन आला की थरथरा, गाणी बदला, आमचं काही म्हणणं नाही. आणि हो, दंडाला बांधायचं चांगलं मशीन दीड-दोन हजारांत मिळतं. म्हणजे खऱ्यात आणि खोट्यात फरक पाच-सातशे रुपयांचा होता. मी घड्याळ घेतलं, कारण त्यात कॉलिंगपण होतं.

दुसरी: “स्मार्टवॉचमुळे लोकांचे जीव वाचलेत.” वाचलेत ना. हृदयाची लय बिघडल्याचं काही घड्याळांनी वेळेत सांगितलंय. ती ईसीजीवाली, नियामकाकडून मंजुरी घेतलेली घड्याळं. त्यांच्या पुण्याईवर ही दुसरी जमात विकली जाते, माझी तक्रार तीच आहे.

तिसरी: “शिकलेल्या लोकांनी तरी वाचून घ्यावं.” बरोबर आहे. मी शिकलेला, वर्तमानपत्रातला. मी वाचलं नाही. मग ज्याला इंग्रजी येत नाही त्या माणसाकडून कसली अपेक्षा करता?

हा दोन-चार घरांचा प्रश्न नाही. आयडीसीच्या मोजणीप्रमाणे २०२३ मध्ये भारतीय बाजारात १३ कोटींवर वेअरेबल उतरली. इअरबड आणि घड्याळं सगळी धरून. २०२४ मध्ये आकडा घसरला, तरी ११ कोटींच्या वरच राहिला. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की पंधरा वर्षांवरच्या साधारण दर पाच बायकांमागे एकीला आणि दर चार पुरुषांमागे एकाला वाढलेला रक्तदाब आहे किंवा त्याची गोळी चालू आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. एकीकडे सरकार आशाताईंना घरोघर पाठवून तिशीच्या पुढच्यांना तपासणीला बोलावतं. दुसरीकडे त्याच घरातला माणूस मनगट दाखवून म्हणतो, “ताई, आमचं नॉर्मल आहे.”

मागणी अवघड नाही. ज्या वस्तूच्या खोक्यावर किंवा पडद्यावर बीपी, साखर किंवा ऑक्सिजनचा आकडा दिसतो, ती वैद्यकीय उपकरणच धरा, मागे मुंगीच्या अक्षरात काहीही लिहिलेलं असो. मंजुरी नसेल तर आकडा पडद्यावरून काढा. एका सॉफ्टवेअर अपडेटचं काम आहे. रोज नवनवीन डायल पाठवता ना अपडेटमधून, तसंच.

आणि आमच्या धंद्यातल्या मित्रांनो, आपल्यासाठी: कंपनीचा मजकूर आला की घड्याळ मागवून घ्या, ग्रामीण रुग्णालयात जाऊन सिस्टरांच्या पट्ट्याशेजारी लावा आणि मग छापा. मी माझ्या पानावर मूळ बातमीच्याच आकारात खुलासा मागितला आहे. “बघू” असं उत्तर आलंय. या उत्तराचा अर्थ मला वीस वर्षांच्या नोकरीत चांगलाच कळलाय, म्हणून आधी इथे लिहितोय.

अण्णांनी घड्याळ काढून टाकलेलं नाही. वेळ बरोबर दाखवतं म्हणाले. बीपी आता रोज सकाळी पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसतात आणि दंडाच्या मशीनवर घेतात. गोळी रोज. जुनी डायरी फेकू दिली नाही. त्या सात महिन्यांच्या आकड्यांवर त्यांनी स्वतः लाल पेनाने आडव्या रेघा मारल्यात, रद्द तिकिटावर मारतात तशा.

घरात असं घड्याळ असेल तर येत्या आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात जा. पट्ट्याचा आकडा आणि घड्याळाचा आकडा, दोन्ही एका कागदावर लिहा आणि खाली कमेंटमध्ये टाका. कंपनीचं नाव नको, नुसते दोन आकडे टाका. सोमवारी मी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात पत्र देतोय, त्याला ही यादी जोडायची आहे. पोच मिळाली की तिचा फोटो इथेच टाकतो.