टेकू

"मी कोणाच्याही आधाराशिवाय इथवर आलो," असं सत्काराला उत्तर देताना सांगणाऱ्या माणसाच्या खांद्यावर शाल असते, गळ्यात हार असतो, आणि एक हात त्याने समोरच्या टेबलावर टेकवलेला असतो. टेबलाबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

माझं भांडण या वाक्याशी आहे. वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मी ते ऐकतो आहे. त्याचं धाकटं भावंडही रोज कानावर पडतं: "आधी स्वतःच्या पायावर उभं राहायला शिका!" हे वाक्य नेहमी बसलेला माणूस उभ्या माणसाला ऐकवतो. या भांडणात माझ्या बाजूने साक्षीदार म्हणून मी एक लाकडी पेला उभा करणार आहे.

जालन्याला लोक कौतुकाने 'सोने का पालना' म्हणतात. सोन्याचा पाळणा आम्ही अजून पाहिलेला नाही. पण लाकडी पाळण्याच्या दांड्या कातून देणारे एक मिस्त्री जुन्या जालन्यात आहेत. लाटणी, रव्या, पाळण्याच्या दांड्या हा त्यांचा रोजचा माल. एका शाळेने त्यांना बक्षिसासाठी सागवानी चषक सांगितले. वर वाटी, खाली बैठक आणि मधे पेन्सिलीएवढा देठ. मी ते काम उभा राहून बघितलं. बँकेतल्या माणसाला दुसऱ्याचं काम उभं राहून बघायची सवय असतेच.

मिस्त्रींनी लाकडाचं एक टोक लेथच्या पकडीत आवळलं आणि पहिल्यांदा वाटी आतून कोरून घेतली. मला वाटलं होतं, नाजूक देठ आधी उरकतील. ते म्हणाले, "नाही साहेब. देठ जाड हाये तोवर वाटीचं समदं काम उरकायचं. येकदा देठ बारीक झाला, की वाटीला पटाशी लावायची नाही."

मग त्यांनी कोरलेल्या वाटीत कापडाचा बोळा भरला आणि लेथचा मागचा सेंटर पुढे आणून त्या बोळ्यावर अलगद टेकवला. झाला टेकू. मंडळी, इथे लक्ष द्या. रिकाम्या वाटीला आधार लावता येत नाही. आधी तिच्या पोटात काहीतरी घालावं लागतं. ही गोष्ट एका कातारी माणसाला कळते आणि व्याख्यानं देणाऱ्यांना कळत नाही.

सेंटर जास्त दाबला तर देठ धनुष्यासारखा वाकतो आणि तुटतो. दाबलाच नाही, तर देठ थरथरतो, पटाशी उड्या मारते, लाकडावर पन्हाळी उमटतात आणि शेवटी वाटी उडून कोपऱ्यात जाते. म्हणून टेकू नुसता स्पर्शापुरता. शिवाय मिस्त्रींच्या डाव्या हाताचं बोट देठाच्या मागे. बोट तापलं, की पटाशीचा दाब जास्त झाला. देठ वाटीकडून बैठकीकडे थोडा थोडा कातायचा, आणि मागे वळायचं नाही.

यामागे गणितही आहे. गोल दांडीची जाडी निम्मी केली, तर तिचा ताठपणा निम्मा होत नाही. सोळावा हिस्सा उरतो. पाव केली, तर दोनशे छप्पन्नावा. मी बी.कॉम. असल्यामुळे हे मला चक्रवाढ व्याजाच्या भाषेत चटकन समजलं. घरातला एक पगार बंद झाला, की माणूस निम्मा अशक्त होत नाही, सोळापट होतो. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी त्याला पायावर उभं राहायला सांगतं.

"आधार दिला की माणसं आळशी होतात," हा पुढचा मुद्दा तयारच असतो. टेकूमुळे एकही देठ आळशी झाल्याचं मिस्त्रींच्या पाहण्यात नाही. मोटर येण्यापूर्वी तर कातकाम पुष्कळदा एकट्याचं नसायचंच. घरचं कुणीतरी दोरी पुढे-मागे ओढून लाकूड फिरवायचं, तेव्हा कातारी पटाशी धरायचा. नाव मात्र एकाचंच व्हायचं. सत्काराची परंपरा जुनी आहे.

आता माझ्या स्वतःच्या धंद्याबद्दल. ज्याच्याकडे जमीन, घर आणि दोन वजनदार जामीनदार आहेत, त्याला आम्ही आनंदाने कर्ज देतो. म्हणजे ओंडक्याला टेकू आणि देठाला उपदेश! सरकारला हे थोडंसं उमगलं असावं. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, आम्ही मराठवाड्यात मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन करतो त्याच दिवशी, पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तारणाशिवाय आधी १ लाख, ते फेडले की २ लाख, व्याज ५ टक्के. यादीत १८ व्यवसाय. सुतार आहे, खेळणी करणारा आहे. कातारी वेगळा नाही. त्याने सुताराच्या बाकावर थोडं सरकून बसायचं. तरीही हा टेकू बरोबर जागी लावलेला आहे, हे मी मान्य करतो. पण मिस्त्री अर्ज घेऊन एका बँकेत गेले, तर साहेबांनी विचारलं, "ते सगळं ठीक आहे हो, पण तुमच्या मागे कोण आहे?"

मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं. मागे रांग होती.

आमचं मागणं फार नाही. सगळ्यांना जन्मभर टेकू द्या, असं कोणी म्हणत नाही. चषक पुरा झाला, की मिस्त्री सेंटर मागे घेतात, बोळा काढतात, आणि तो आपल्या बैठकीवर खुशाल उभा राहतो. टेकूची खूणही राहत नाही. तेव्हा त्याने "मी कोणाच्याही आधाराशिवाय उभा आहे" म्हटलं, तरी चालेल. फक्त लेथवर अजून फिरत असलेल्या दुसऱ्या चषकाला त्याने ते ऐकवू नये.