डिझेल इंजिनाची सेवानिवृत्ती

मुलांनो, आपल्या उमरग्यात आगगाडी येत नाही. गावावरून सोलापूर-हैदराबाद हमरस्ता जातो. परंतु रूळ पाहायचे तर लातूर, धाराशिव किंवा सोलापूर गाठावे लागते. तरीही आगगाडीच्या डिझेल इंजिनाचे आपल्या मुलखावर एक ऋण आहे. ही इंजिने आता एकामागून एक सेवानिवृत्त होत आहेत. अशा वेळी त्या ऋणाची आठवण ठेवणे आपले कर्तव्य होय.

२३ फेब्रुवारी २०२३ रोजी औसा रोड ते लातूर रोड या ५२ किलोमीटरच्या मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि मध्य रेल्वेचे सर्व रुंद मार्ग विजेच्या तारांखाली आले. त्यामुळे डिझेल इंजिनांचे काम पुष्कळच घटले. काही इंजिने डबे हलवण्यासाठी व अडीअडचणीसाठी राखलेली आहेत. बाकीची मोडीत निघत आहेत.

हा बदल योग्यच आहे. डिझेल इंजिन आपल्या पोटात तेल जाळते, त्यावर जनित्र फिरवून वीज निर्माण करते आणि त्या विजेवर चाके फिरवते. विजेचे इंजिन तीच वीज वरच्या तारेतून आयती घेते. गाडीबरोबर वीजघर ओढीत नेण्याचे कष्ट वाचतात, मार्गावर धूर होत नाही आणि परदेशातून विकत आणावे लागणारे तेलही वाचते. तेव्हा इंजिने निवृत्त झाली म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

परंतु २०१६ सालचा उन्हाळा आठवून पाहा. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूर शहर पाण्यावाचून व्याकूळ झाले होते. तेव्हा मिरजेहून दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन एक आगगाडी निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव असा सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून १२ एप्रिल रोजी ती लातूरला पोहोचली. पुढे अशा अनेक फेऱ्या झाल्या. त्या वेळी या मार्गावर विजेच्या तारा नव्हत्या. पाणी ओढून आणले ते डिझेल इंजिनांनीच!

म्हणून मला वाटते, त्या जातीचे एक तरी इंजिन लातूरच्या किंवा कुर्डुवाडीच्या स्थानकाजवळ जतन करावे आणि शेजारी या पाणीगाडीची हकिकत लिहावी.

कोणी म्हणेल, "यंत्राला कसले आले मन? लोखंड वितळवले तर उपयोगी तरी पडेल." हे म्हणणे अगदीच खोटे नाही. वाराणसीच्या कारखान्यात २०१८ साली जुन्या डिझेल इंजिनांपासून विजेचे इंजिन तयार करण्यात आले. असा पुनरुपयोग अवश्य व्हावा. सगळीच इंजिने जपून ठेवा, असे कोण म्हणतो? पण एकाचे लोखंड विकून जेवढे पैसे मिळतील, त्याहून त्याची आठवण मोलाची आहे.

पोळ्याला आपण बैलाच्या खांद्यावरचे जू उतरवतो, त्याला सजवतो. त्यामुळे बैलाचा मान वाढतो की नाही, कोण जाणे. परंतु आपण कृतज्ञ राहायला शिकतो. नव्याचे स्वागत जरूर करावे; मात्र जुन्याने तहानेच्या दिवसांत पाणी आणले होते, हे विसरू नये.