यादी जुनी, गाडी चुकली

शनिवारची सकाळ. पहिला चहा व्हायच्या आत रावेतचा आमचा शेजारी लॅपटॉप काखेत मारून दारात हजर. "फॉरमॅटच मारतो आता!" आत मुलीचे जन्मापासूनचे सगळे फोटो. बॅकअप? असले प्रश्न विचारायचे नसतात, बॉस!

झालं काय होतं? घरच्या उबुंटूला बरेच महिने हात लागला नव्हता. काहीतरी इन्स्टॉल करायला गेला, तर '४०४ नॉट फाउंड'. साहेबांनी ठरवून टाकलं, डिस्क गेली.

डिस्क ठणठणीत होती, मंडळी. जुनी होती ती यादी. कुठलं पॅकेज, कुठलं व्हर्जन, कुठे मिळेल याची यादी लिनक्स आपल्याच मशीनवर ठेवतं. तिकडे सर्व्हरवर नवं व्हर्जन आलं की जुनं काढून टाकतात. मग तुमचं मशीन खिशातलं जुनं वेळापत्रक बघून आकुर्डी स्टेशनवर लोकलची वाट बघत बसतं!

म्हणून आधी 'सुडो अ‍ॅप्ट अपडेट'. नाव फसवं आहे. हे फक्त यादी ताजी करतं. सॉफ्टवेअर बदलतं ते 'अपग्रेड'. बरं, अपडेटनंतर शेवटच्या ओळी वाचता का? नेट मध्येच गेलं, तर 'ओल्ड वन्स यूज्ड इन्स्टेड' असं तिथे गुपचूप लिहिलेलं असतं. म्हणजे जुन्याच यादीवर काम चाललंय. मग अपग्रेड 'शून्य' दाखवतं, आपण खूश, आणि सिक्युरिटीचे पॅचेस बाहेरच. मला तर ४०४ पेक्षा या शून्याची जास्त भीती वाटते.

'हॅश सम मिसमॅच' आलं तर व्हार, लिब, अ‍ॅप्ट, लिस्ट्स या फोल्डरमधल्या फाइली उडवा आणि पुन्हा अपडेट करा. बिनधास्त, त्या नुसत्या याद्या आहेत. 'नॉट व्हॅलिड यट' आलं तर आधी मशीनचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल मेला की तारीख मागे जाते.

शेजाऱ्याचं दुखणं मात्र वेगळं निघालं. 'नो लाँगर हॅज अ रिलीज फाइल'. त्याचं उबुंटू २३.१० होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेलं, जुलै २०२४ मध्ये सपोर्ट संपलेलं. एलटीएस नसलेल्या आवृत्तीला नऊच महिने मिळतात. मग तिच्या फाइली 'ओल्ड-रिलीजेस डॉट उबुंटू डॉट कॉम'वर हलवतात. सोर्सेसच्या फाइलमध्ये आर्काइव्ह आणि सिक्युरिटी, दोन्ही पत्ते पूर्ण बदलून हा टाकला. अपडेट, अपग्रेड, आणि मग 'डू-रिलीज-अपग्रेड'ने थेट २४.०४. ही एलटीएस, म्हणजे २०२९ पर्यंत निवांत.

पण त्याआधी फोटो माझ्या पेन ड्राइव्हवर घेतले. सगळं आटोपेस्तोवर दुपार झाली. शेजारी खुशीत लॅपटॉप घेऊन गेला. पेन ड्राइव्ह अजून माझ्याच टेबलावर पडलाय.