रत्नागिरीची एक ओळ

दोस्तांनो, जुन्या वळणाच्या वाण्याच्या दुकानात दोन वह्या असतात, त्या कधी नीट पाहिल्यात का? एक रोजकीर्द. दिवसभरात जे जे घडलं ते घडेल तसं तिच्यात लिहायचं. दुसरी खतावणी. तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं पान. रात्री दुकान बंद करायच्या आधी वाणी रोजकीर्दीतला एकेक व्यवहार खतावणीतल्या ज्याच्या त्याच्या पानावर उतरवतो. एखाद्या रात्री त्याने कंटाळा केला की दोन वह्या दोन गोष्टी सांगू लागतात. रोजकीर्द म्हणते, जोशीकाकूंनी उधारी फेडली. खतावणी म्हणते, अजून बाकी आहे. मग काकू भडकणारच!

संगणकाच्या जगात हाच उद्योग अहोरात्र चालू असतो. माहिती एका ठिकाणी बदलली की दुसऱ्या ठिकाणीही ती बदलायला हवी, आणि तीही कुणी रात्री जागून न लिहिता आपोआप. याला 'सिंक करणं' म्हणतात. आपण ताळमेळ म्हणू. आज अशाच एका ताळमेळाची हकिगत सांगतो. ती आपल्या रत्नागिरीपर्यंत येते, आणि तिच्यातला प्रत्येक आकडा म्हणजे कुणीतरी माणूस होता.

साल २०२०. मार्च महिना. करोनाची साथ आली, शाळा बंद झाल्या. तुमच्यातले बरेच जण तेव्हा बालवाडीत नाहीतर पहिली-दुसरीत असतील. घराघरात मोठी माणसं संध्याकाळी एकच गोष्ट विचारत, "आज किती?" सरकारची पत्रकं रोज निघत, पण प्रत्येक राज्याचा नमुना वेगळा. कुणाचं पत्रक चित्राच्या रूपात, कुणाचं तक्त्यात, कुणाचं नुसतं एखाद्या ट्वीटमध्ये. हे सगळं एका जागी आणायचं कुणी?

ते काम काही स्वयंसेवकांनी अंगावर घेतलं. 'कोविड १९ इंडिया' हे त्यांच्या संकेतस्थळाचं नाव. नोकरी-अभ्यास सांभाळून, एकमेकांना कधी न भेटता, ही मंडळी राज्याराज्यांची पत्रकं वाचत आणि आकडे एका मोठ्या ऑनलाइन तक्त्यात भरत. प्रत्येक ओळीत तारीख, राज्य, जिल्हा, आकडा, आणि तो कशाचा: नवे रुग्ण, बरे झालेले की मृत्यू. गेल्या काही लेखांत आपण डेटाबेस पाहिला, तोच हा, फक्त साध्या कपड्यांतला.

पण हा तक्ता म्हणजे झाली रोजकीर्द. खतावणी कुठे? ती होती गिटहबवर.

गिटहब म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं जगभरचं सामायिक कपाट. ते २००८ साली सुरू झालं. त्याच्या पोटात 'गिट' नावाचं अवजार आहे. लिनक्स तयार करणाऱ्या लायनस टॉरवाल्ड्स यांनी ते २००५ साली बनवलं. गिटचा स्वभाव आपल्या आजीसारखा, काही म्हणजे काही विसरत नाही. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदललात तरी कुणी बदलला, कधी बदलला, आधी काय होतं, सगळं जपून ठेवतं. कपाट खरं तर प्रोग्राम ठेवायचं, पण आकडे ठेवायलाही झकास. ज्याला हवे त्याने न्यावेत, आणि कुणी गुपचूप खाडाखोड केली तर ती लगेच दिसावी.

आता या दोन वह्यांमधला वाणी कोण? एक छोटासा प्रोग्राम. गिटहबवर 'अ‍ॅक्शन्स' नावाची सोय आहे. तिला सांगून ठेवायचं, की ठरावीक वेळाने ऊठ, तक्ता वाच, त्याच्या साध्या मजकुराच्या फाइली कर, काही बदललं असेल तर नवी प्रत कपाटात ठेव आणि परत झोप. बस्स. त्या फाइली मग वर्तमानपत्रं घेत, संशोधक घेत, आणि त्यांवरून आलेख काढणारी कॉलेजातली पोरंही घेत.

तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? उतरवायचं तर आहे! मलाही वाटतं की उतरवणं सोपंच असतं. पंचाईत होते ती कुठली ओळ कुठल्या पानावर जाते हे ठरवताना.

आपलीच ओळ घ्या ना. 'रत्नागिरी' हे जिल्ह्याचं नाव, तालुक्याचं नाव आणि शहराचंही नाव. मंडणगड ते राजापूर असे नऊ तालुके जिल्ह्यात आहेत, त्यातला एक रत्नागिरी. एखाद्या कागदावर नुसतं 'रत्नागिरी' लिहून आकडा दिला तर आपल्याला आजूबाजूच्या मजकुरावरून अंदाज येतो. प्रोग्रामला अंदाज नावाचा प्रकारच ठाऊक नाही. तो तालुक्याचा आकडा जिल्ह्याच्या खात्यावर बिनधास्त टाकून मोकळा होईल.

बरं, हा जिल्हा कुठल्या विभागात? भूगोलाच्या पुस्तकात आहे, कोकण विभाग. पण राज्याच्या आरोग्य खात्याच्या करोना पत्रकात रत्नागिरी असायची कोल्हापूर मंडळात! कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी असे चार जिल्हे मिळून आरोग्य खात्याचं कोल्हापूर मंडळ होतं. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड ही मंडळी ठाणे मंडळात. आता ज्याने भूगोलाचं पुस्तक पाहून प्रोग्राम लिहिला, त्याची कोकणची बेरीज पत्रकाशी जुळणार कशी? दोघांचंही बरोबर आणि ताळा मात्र चुकलेला!

देशभर पाहिलं तर आणखी गंमत. २०२० साली औरंगाबाद नावाचे दोन जिल्हे होते, एक महाराष्ट्रात, एक बिहारमध्ये. (आपल्याकडच्याचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं.) बिजापूर छत्तीसगडातही आहे, आणि कर्नाटकातल्या विजयपूरलाही लोक अजून बिजापूर म्हणतात. म्हणून नुसतं जिल्ह्याचं नाव धरून चालत नाही, राज्य आणि जिल्हा अशी जोडी धरावी लागते. शाळेत एका नावाची दोन मुलं असली की बाई हजेरी क्रमांक विचारतात, तसंच. ओळ अचूक ओळखता येईल अशा या खुणेला संगणकवाले 'की', म्हणजे किल्ली म्हणतात.

त्या मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी मोठ्या संख्येने गावी आले. समजा, एकाने मुंबईत तपासणीसाठी नमुना दिला आणि अहवाल येईपर्यंत तो खेडला पोचला. हा रुग्ण मुंबईच्या पानावर मांडायचा की रत्नागिरीच्या? दोन्हीकडे मांडला तर एका माणसाची दोन माणसं झाली. कुठेच नाही मांडला तर माणूस हिशेबातून गायब! राज्याच्या पत्रकांत तेव्हा अशा टिपा येत: दुबार नोंदी वगळल्या, राहत्या पत्त्याप्रमाणे रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात दाखवले.

अशी टीप आली की स्वयंसेवक जुनी ओळ खोडत नसत. ते नवी ओळ घालत, वजा चिन्हाची. म्हणजे आज 'रुग्ण: वजा दोन'. आपला वाणी चुकीच्या नोंदीवर काट न मारता उलट नोंद करतो, तीच ही चाल. वजा दोन माणसं म्हणजे काय, असं वाचणाऱ्याला क्षणभर वाटायचं खरं, पण कालचं पत्रक काय म्हणत होतं आणि आज काय बदललं, हे दोन्ही वहीत राहायचं.

आणि कोऱ्या जागेचं काय? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आपल्या दापोली, मंडणगड तालुक्यांत झाडं आणि विजेचे खांब पडले, घरांची छपरं उडाली, वीज आणि फोन गेले. समजा, अशा दिवशी एका तालुक्याचा आकडा आलाच नाही. प्रोग्रामने तिथे काय लिहावं? घाईत लिहिलेला प्रोग्राम ० लिहितो. पण ० म्हणजे 'कुणी आजारी नाही', आणि कोरी जागा म्हणजे 'आम्हाला ठाऊक नाही'. कुठे औषध पाठवायचं हे त्या तक्त्यावरून ठरणार असेल, तर या दोन उत्तरांत केवढा फरक पडला!

आणखी एक खोडी सांगतो. प्रोग्राम मध्येच बंद पडला आणि पुन्हा चालवला तर? त्याला 'रत्नागिरीत पाच मिळव' असं सांगितलं असेल, तर दोनदा चालल्यावर दहा होतील. 'रत्नागिरीत एकूण पाच आहेत असं लिही' असं सांगितलं असेल, तर दहादा चालवा, पाचच राहतील. आपोआप चालणाऱ्या कामात हा दुसरा प्रकार सोन्यासारखा. मात्र त्यासाठी दर वेळी मूळ वहीपासून बेरीज पुन्हा करावी लागते.

आता त्या जूनमधलाच एक दिवस. १६ जून २०२०. महाराष्ट्राच्या पत्रकात त्या दिवशी मृत्यूंच्या आकड्यात एकदम १४०९ ची भर पडली. आलेख काढणाऱ्यांना वाटलं असेल, प्रोग्राम बिघडला! नव्हता बिघडला. त्यातले ८१ नेहमीसारखे नव्याने कळवलेले होते. उरलेले १३२८ जुने, आधी घडलेले पण राज्याच्या यादीत न चढलेले. त्यांतले ८६२ मुंबईतले आणि ४६६ उरलेल्या राज्यातले. प्रयोगशाळांची माहिती एका यादीत जात होती, रुग्णालयांची आणि जिल्ह्यांची दुसऱ्या याद्यांत. त्या समोरासमोर ठेवून ताळा केला, तेव्हा ही माणसं सापडली.

विचार करा, १३२८ घरं. त्या घरांना आपलं माणूस गेलं हे केव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं ते वहीला. आणि मूळ वहीतच नाव नसेल तर गिटहबवरचा आपला तत्पर वाणी तरी काय करणार? त्याने रोज वेळेवर उठून, एकही चूक न करता, अपुरा आकडा उतरवला होता. यंत्राला नावं ठेवायचं काही कारण नाही, त्याला सांगितलेलं काम त्याने चोख केलं. याद्या समोरासमोर ठेवून 'हा कुठे गेला?' असं विचारायला माणसंच बसावी लागली.

कोविड १९ इंडियाच्या स्वयंसेवकांनी हे काम ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत चालवलं आणि आधी जाहीर करून थांबवलं. गंमत म्हणजे काम तिथे संपलं नाही. प्रोग्राम, फाइली, चुका, दुरुस्त्या सगळंच उघड्या कपाटात असल्यामुळे दुसऱ्या काही स्वयंसेवकांनी तीच रीत उचलून पुढे सुरू ठेवलं. कुणाकडून किल्ल्या मागाव्या लागल्या नाहीत.

आता तुमची पाळी. तुमच्या वर्गाच्या वाचनालयात दोन वह्या करा. एक देवघेवीची, दुसरी 'कुणाकडे कुठलं पुस्तक' याची. आठवडाभर रोज संध्याकाळी एकाने पहिलीवरून दुसरी पुरी करायची, आणि शनिवारी तिसऱ्याच कुणीतरी कपाटातली पुस्तकं मोजून ताळा घ्यायचा. वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असतील आणि 'श्यामची आई'च्या तीन प्रती असतील, तर किल्ली म्हणून कुठला रकाना धराल? आणि शनिवारी एक प्रत कमी भरली, तर वहीत ० लिहाल, वजा एक लिहाल, की जागा कोरी ठेवाल? उत्तरं कारणांसकट लिहून पाठवा.