गुणांची चलनवाढ आणि प्रवेशाचा न्याय

मार्च २०१९ मध्ये महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेस बसलेल्या नियमित विद्यार्थ्यांपैकी ७७.१० टक्के उत्तीर्ण झाले. आदल्या वर्षी हे प्रमाण ८९.४१ टक्के होते. पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, ते ९५.३० टक्क्यांवर गेले. शंभर टक्के गुण मिळविणारे विद्यार्थी २०१९ मध्ये २० होते, २०२० मध्ये २४२ झाले. महाराष्ट्रातील मुलांच्या बुद्धीला एका वर्षी ओहोटी लागली आणि लगेच पुढच्या वर्षी भरती आली, असे कोणीही समंजस मनुष्य म्हणणार नाही. बदलली होती ती मोजपट्टी. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण रद्द करण्यात आले होते. दुसऱ्या वर्षी ते परत आले. शिवाय महासाथीमुळे त्या वर्षी भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले.

गुणपत्रिका केवळ घरात जपून ठेवावयाची असती, तर या चढउताराचे कोणास सोयरसुतक नसते. पण याच कागदावर अकरावीचा प्रवेश ठरतो, आणि तेथे राज्य मंडळाचा विद्यार्थी इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांबरोबर एकाच यादीत उभा राहतो. प्रत्येक मंडळाची मोजपट्टी वेगळी. यादी मात्र एकच. गेल्या काही वर्षांतील प्रवेशाचे बहुतेक तंटे या विसंगतीतून उद्भवलेले आहेत. २००८ मध्ये राज्य शासनाने निरनिराळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणण्यासाठी पर्सेंटाइलचे सूत्र आणले. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी राखण्याचे ठरविले. दोन्ही निर्णय मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१० मधील ‘सर्वोत्तम पाच विषयां’चे धोरण उच्च न्यायालयाने रद्द केले, ते सर्वोच्च न्यायालयात तरले. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के लागला. तेव्हा अकरावीसाठी योजलेली स्वतंत्र प्रवेश-परीक्षाही न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्दबातल ठरविली. दर वेळी विद्यार्थी महिनोन्‌महिने टांगणीला राहिला आणि दर वेळी मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला.

हा प्रश्न अर्थशास्त्राच्या परिभाषेत मांडला तर अधिक स्पष्ट होतो. नाणे ज्याप्रमाणे वस्तूचे मोल सांगते, त्याप्रमाणे गुण हे विद्यार्थ्याच्या तयारीचे मोल सांगणारे चलन आहे. बाजारात माल तेवढाच असता नोटा वाढविल्या तर कोणी श्रीमंत होत नाही, फक्त भाव चढतात. गुणांचेही तसेच झाले आहे. एके काळी प्रथम श्रेणी, म्हणजे साठ टक्के, हे घराण्याच्या अभिमानाचे कारण असे. आज नव्वद टक्क्यांच्या मुलाचे पालकही हवे ते महाविद्यालय मिळेल की नाही या चिंतेत असतात. येथे असे विचारले जाईल की, माल म्हणजे जागा तर वाढल्या आहेत ना? वाढल्या आहेत. २०२५ मध्ये अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया प्रथमच सर्व राज्यात राबविली गेली, तेव्हा उपलब्ध जागा सुमारे २१ लाख होत्या. दहावी उत्तीर्ण झालेले नियमित विद्यार्थी साडेचौदा लाखांच्या आसपास होते. म्हणजे टंचाई जागांची नाही. टंचाई आहे ती मोजक्या नामांकित महाविद्यालयांतील जागांची. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये अशा वस्तूंचे वर्णन केले होते : ज्यांचे मोल त्या इतरांना मिळत नाहीत म्हणूनच असते. अशा वस्तूचा पुरवठा वाढविता येत नाही. तिच्यासमोर रांगच लागते, आणि रांग लावणारे साधन म्हणून गुण वापरले जातात.

परंतु चलन फुगले की रांग लावण्याचे कामही त्याच्याने नीट होत नाही. सर्वांत पुढे शेकडो विद्यार्थी एकाच टक्क्याला येऊन थबकतात आणि दशांश चिन्हापुढील आकड्यावर मुलाचे भवितव्य ठरते. दिल्ली विद्यापीठात २०२१ साली काही महाविद्यालयांतील काही अभ्यासक्रमांचा कट-ऑफ शंभर टक्क्यांवर जाऊन भिडला. शंभराच्या पुढे जाण्यास वाट नव्हती. २०२२ पासून त्या विद्यापीठाने बारावीच्या गुणांऐवजी केंद्रीय सामाईक प्रवेश-परीक्षेवर प्रवेश देण्यास आरंभ केला. लोकांचा चलनावरील विश्वास उडाला की ते सोने घेऊ लागतात. शिक्षणाच्या बाजारात प्रवेश-परीक्षा हे ते सोने ठरले आहे.

आता हे सोने कोणाच्या घरी साठते, ते पाहावे. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीच्या संबंधित विषयांत खुल्या वर्गाला ४५ आणि राखीव वर्गाला ४० टक्के गुण पुरतात. त्यापुढची क्रमवारी सामाईक परीक्षा लावते. वैद्यकीय प्रवेशासाठी खुल्या वर्गाला ५० टक्क्यांची अट आहे आणि बाकी सारे ‘नीट’वर. ‘जेईई मेन’च्या क्रमवारीत २०१३ ते २०१६ या काळात बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते, २०१७ पासून तेही काढून टाकण्यात आले. बारावीची परीक्षा अशा रीतीने केवळ उंबरठा झाली. जेथे गुणांना मोल नाही तेथे वर्गाला मोल कोण देणार? विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय अनेक ठिकाणी हजेरीपुरते उरले आहे. नाव एकीकडे, अभ्यास खासगी क्लासमध्ये दुसरीकडे, अशी सरळ व्यवस्थाच रूढ झाली आहे. पगारी शिक्षक रिकाम्या बाकांसमोर उभा असतो आणि पालक त्याच विषयासाठी बाहेर लाखांच्या घरात पैसे मोजतो. समाजाने एकाच शिक्षणासाठी दोनदा खर्च करावा, याहून मोठी उधळपट्टी ती कोणती? ज्याला दुसऱ्यांदा खर्च करणे शक्य नाही, तो लिपिकाचा किंवा शेतमजुराचा मुलगा रांगेत मागे पडतो, आणि त्याला सांगितले जाते की परीक्षा सर्वांना सारखीच होती.

मग गुणांकडेच परतावे काय? तमिळनाडूने तसे केले. आधीचा शासकीय आदेश न्यायालयात टिकला नाही म्हणून त्या राज्याने २००६ मध्ये कायदा केला, अभियांत्रिकीची प्रवेश-परीक्षा बंद केली आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश दिले. ग्रामीण विद्यार्थ्यांना क्लासच्या जाचातून सोडविण्याचा हेतू स्तुत्य होता. पण सारा भार बारावीवर पडताच अनेक शाळांनी अकरावीचा अभ्यासक्रम गुंडाळून दोन वर्षे बारावीच घोटून घेतली. अखेर २०१७-१८ पासून अकरावीलाही मंडळाची परीक्षा घेणे शासनाला भाग पडले. इतके होऊनही सरकारी शाळांतील मुले मागेच राहिली, म्हणून २०२० मध्ये वैद्यकीय आणि २०२१ मध्ये अभियांत्रिकी व इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांत त्यांच्यासाठी साडेसात टक्के जागा राखाव्या लागल्या. तात्पर्य, एकाच आकड्यावर सारे सोपविले की तो आकडा बारावीचा असो वा प्रवेश-परीक्षेचा, ज्याच्या हाती पैसा आहे तो त्याला वश करून घेतो.

खरा दोष गुण मोजण्यात नाही, गुण वाचण्याच्या रीतीत आहे. गडचिरोलीच्या आश्रमशाळेत ८२ टक्के मिळवून पहिली आलेली मुलगी आणि पुण्याच्या संपन्न शाळेत ९४ टक्के मिळवून पन्नासावा आलेला मुलगा, यांत गुणवान कोण? यादी उत्तर देते, मुलगा. परंतु गुणपत्रिकेवरील आकड्यात मुलाचे कष्ट असतात तसे शाळेचे ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिकवणी आणि घरातील अभ्यासाची खोलीही असते. कष्टांचा अंश वेगळा काढावयाचा तर मुलाची तुलना प्रथम त्याच्या बरोबरीच्या परिस्थितीतील मुलांशी केली पाहिजे. अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९९७ मध्ये असा कायदा केला की, राज्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेतील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत प्रवेश मिळावा. शाळा श्रीमंत वस्तीतील असो वा दरिद्री, तिचा वरचा थर विद्यापीठात पोहोचू लागला. ही व्यवस्था निर्दोष होती असे नाही. ऑस्टिनच्या विद्यापीठात अशा विद्यार्थ्यांची एवढी गर्दी झाली की २००९ मध्ये त्यांच्या प्रमाणावर मर्यादा घालावी लागली. काही कुटुंबांनी क्रमांक उंचावण्यासाठी मुलांच्या शाळा निवडताना कमी चुरशीची शाळा पसंत केल्याचेही अभ्यासकांना आढळले. तरीही तेथील तत्त्व विचारात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्राला यातून तीन गोष्टी करता येतील. पहिली, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना पुन्हा भरीव वजन द्यावे. मात्र ते गुण नुसते न जोडता, विद्यार्थी आपल्या मंडळात कोणत्या स्थानावर आहे ते पाहून जोडावेत. दुसरी, नामांकित महाविद्यालयांतील काही जागा प्रत्येक तालुक्यातील शाळांच्या अग्रक्रमी विद्यार्थ्यांसाठी ठेवाव्यात. क्रमांक शाळेऐवजी तालुक्याचा धरला तर शाळा बदलून लाभ उठविण्याची वाट बरीच अरुंद होईल. हे सामाजिक आरक्षणाला पर्याय म्हणून नव्हे, त्याच्या चौकटीत राहून व्हावे. तिसरी, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण लेखी गुणांशी ताडून पाहावेत. ज्या शाळेत लेखी परीक्षेत मुले काठावर आणि तोंडी परीक्षेत सर्वांना पैकीच्या पैकी, तेथे गुणांची खैरात होते हे ओळखण्यास दिव्यदृष्टी लागत नाही.

या सुधारणांवर गुणवत्तेचा बळी दिला जातो, असा आक्षेप घेतला जाईल. पण जी गुणवत्ता दोन वर्षांच्या क्लासच्या शुल्काशिवाय सिद्धच होऊ शकत नाही, तिला गुणवत्ता म्हणावे की क्रयशक्ती, याचा विचार आक्षेपकांनीच करावा. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागेल. असे बदल निकाल लागल्यावर घाईने काढलेल्या परिपत्रकाने नव्हेत, तर विधिमंडळाच्या कायद्याने आणि विद्यार्थी नववीत असतानाच जाहीर करून व्हावेत. डाव सुरू झाल्यावर नियम बदलले की ते न्यायालयात टिकत नाहीत, हा २००८ पासूनचा अनुभव विसरून चालणार नाही.

अकरावी-बारावीची दोन वर्षे ही बुद्धीला पालवी फुटण्याची वर्षे. त्या वयात विद्यार्थ्याला वर्गात आणून बसविण्याचे सामर्थ्य ज्या गुणपत्रिकेत होते, तिचे मोल आपणच उतरविले. ते मोल तिला परत मिळाले, तर रिकाम्या बाकांसमोर उभ्या असलेल्या शिक्षकालाही पुन्हा विद्यार्थी मिळेल.